सम्राज्ञीचे दात

गेल्या डिसेंबरात पुतणीबरोबर दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दुखणं कुणाचंच नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं, कार्यालय ठरलं होतं, फोटोवाला ठरला होता, आणि दात जरा उजळून घ्या हे त्या फोटोवाल्यानेच सुचवलं होतं. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. निवृत्त काका हा अशा कामासाठीच असतो.

डॉक्टरीणबाईंनी एक पट्टी काढली. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगांचं कार्ड असतं तशी, फक्त हिच्यावर चिनी मातीचे सोळा दात ओळीने लावलेले. पिवळसर, तांबूस, राखाडी अशा छटा, प्रत्येकीला अक्षर आणि आकडा. पुतणीचा दात ए-2 निघाला. पट्टीवरची सगळ्यांत उजळ छटा बी-1. मला वाटलं, तिथवर पोचायचं असेल. पण बाईंनी दुसरी, छोटी पट्टी काढली. तिच्यावर बी-1 पेक्षाही पांढरे दात होते. असे दात माणसाच्या तोंडात सहसा उगवतच नाहीत. गिऱ्हाईक मागतं म्हणून ही छटा करावी लागली. दाताच्या आतला भाग मुळातच पिवळसर, वरचं कवच अर्धपारदर्शक, तेव्हा निरोगी दात किंचित पिवळा दिसायचाच, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पुतणीने मान डोलावली आणि छोट्या पट्टीवर बोट ठेवलं.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. मला एका बाईची आठवण झाली. तिने दात पांढरे करून घेतले नव्हते. काळे करणं तेवढं थांबवलं होतं, आणि त्यामुळे एका अख्ख्या देशाचं तोंड बदललं. तिच्यावर कादंबरी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. कादंबरी काही झाली नाही. हे टिपण त्या कादंबरीच्या बदली समजावं.

तिचं नाव इचिजो हारुको. जपानच्या मेइजी सम्राटाची पत्नी, मरणानंतर शोकेन या नावाने ओळखली गेलेली. जन्म क्योटोतला, 9 मे 1849 चा. इचिजो हे दरबारातल्या सर्वोच्च पाच घराण्यांपैकी एक. वडील तादाका मोठ्या हुद्द्यावरचे. मुलगी हुशार. चौथ्या वर्षी जुन्या कवितासंग्रहातलं वाचायची, पाचव्या वर्षी स्वतः कविता रचायची, सातव्या वर्षी चिनी अभिजात ग्रंथ कोणाच्या मदतीने का होईना उलगडायची. पुढे कोतो हे तंतुवाद्य, चहाचा विधी, पुष्परचना, सगळं रीतसर झालं. 1867 मध्ये तिची सोयरीक चौदा वर्षांच्या सम्राटाशी ठरली आणि एक अडचण निघाली. वधू वरापेक्षा मोठी होती आणि वयातलं ते अंतर अशुभ मानलं जाई. तोडगा सोपा होता. तिचं जन्मसाल कागदोपत्री 1850 करण्यात आलं.

बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे असल्या नोंदीशी माझी नजर अडखळते. जन्मतारखेत खाडाखोड असलेलं खातं आम्ही उघडून दिलं नसतं. पण मुलगी दाखवताना आपल्याकडे किती पत्रिकांमध्ये किती वर्षं इकडची तिकडे झाली असतील, याचाही हिशेब कोणी ठेवलेला नाही.

लग्न 11 जानेवारी 1869 ला झालं. हारुको हे नाव तिला सोयरिकीच्या वेळी मिळालं, तिच्या लहान चणीला आणि शांत रूपाला शोभेलसं. भुवया काढून टाकलेल्या, कपाळावर उंच जागी धूसर खोट्या भुवया रंगवलेल्या, चेहऱ्याला पांढरा लेप, आणि दात शाईसारखे काळे. दरबारातल्या स्त्रीचं सौंदर्य ते हेच.

या काळ्या दातांना जपानीत ओहागुरो म्हणतात. करण्याची रीत अशी, की लोखंडाचे तुकडे चहा, साके किंवा व्हिनेगरसारख्या आंबट द्रवात कुजत ठेवायचे. काही आठवड्यांनी तपकिरी, उग्र वासाचं पाणी तयार होतं. ते गरम करून, एका झाडावरच्या गाठींची तुरट भुकटी घेऊन, आळीपाळीने दातांना लावायचं. लोह आणि तुरट द्रव्य एकत्र आलं की काळा थर बसतो. पण तो थोड्याच दिवसांत विटतो, म्हणून पुन्हा लावायचा. जन्मभर. सामान्य घरांत हे लग्न झालेल्या बाईचं लक्षण होतं आणि मूल झालं की भुवयाही जायच्या. काळ्या रंगावर दुसरा रंग चढत नाही, तशी पतिनिष्ठा, असा त्याचा अर्थ लावला जाई. दुसरं कारण अधिक व्यवहारी आहे आणि मला तेच जास्त पटतं. मेणबत्तीच्या उजेडात पांढऱ्याफटक लेपाशेजारी कुणाचेही दात पिवळेच दिसणार. तेव्हा दात पिवळे दिसण्यापेक्षा ते दिसूच नयेत. आजच्या नवरीच्या मेकअपवर फ्लॅश पडतो तेव्हा अडचण नेमकी तीच असते, उपाय तेवढा उलटा.

दरबारातले पुरुषही दात काळे करत. 1868 मध्ये मिटफर्ड नावाचा ब्रिटिश मुत्सद्दी क्योटोत सम्राटाला भेटला. गालांवर लाली, रंगवलेले ओठ आणि काळे दात असलेला सोळाही पूर्ण नसलेला मुलगा त्याने पाहिला, आणि तसं लिहून ठेवलं.

ज्या समाजात काळं सुंदर असतं तिथे पांढऱ्याचे काय हाल होतात, हे जपान्यांनी फार पूर्वीच लिहून ठेवलंय. हेइआन काळातल्या एका गोष्टीत किडे-सुरवंट पाळणारी एक सरदारकन्या आहे. ती भुवया उपटत नाही, दात काळे करत नाही, जसं आहे तसंच बरं म्हणते. ती हसते तेव्हा पांढरे दात चमकतात आणि बघणाऱ्यांना शिसारी येते. तिच्याच दासी तिच्या दातांना सोललेल्या अळ्यांची उपमा देतात. त्या गोष्टीतली आई म्हणू शकली असती की बाई गं, लोक काय म्हणतील. सगळ्या आया तेच म्हणतात.

हे सगळं परक्या मुलखातलं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमच्याच घरात एक डबी होती. पितळेची, पानाच्या डब्याहून लहान. पणजीची दातवणाची डबी. हिरडा आणि हिराकस, म्हणजे पुन्हा तुरट द्रव्य आणि लोहच. क्योटोतल्या राजवाड्यात आणि कोकणातल्या आमच्या माजघरात रसायन एकच होतं. आजी सांगायची, तिची सासू दातवण लावल्याशिवाय हळदीकुंकवाला बाहेर पडत नसे, आणि पणजोबा गेले तेव्हा कुंकवाच्या करंड्याबरोबर ही डबीही उचलून फडताळाच्या वर ठेवली गेली. त्यानंतर पणजीचे दात हळूहळू पांढरे होत गेले. आजीच्या आठवणीत वैधव्याची खूण ती होती. माझ्या लहानपणी त्या डबीत सुया-दोरे असत आणि आम्ही काळ्या दंतमंजनाने दात पांढरे करायचो.

आता जपानात परत जाऊ. हारुको लग्न करून आली त्या सुमारास देशाच्या बंदरांत गोरे लोक येऊन दहा वर्षं झाली होती. त्यांनी केलेले तह एकतर्फी होते. परकी माणसाने गुन्हा केला तर जपानी न्यायालयाला अधिकार नाही, आयातीवर जकात किती लावायची ते जपानने एकट्याने ठरवायचं नाही. हे तह बदलायचे तर आपण सुसंस्कृत आहोत हे सिद्ध करणं भाग होतं. कोणासमोर? तर त्यांच्यासमोर. आणि ते काय बघत होते? ब्रिटनचा वकील रदरफर्ड ऑलकॉक याने 1863 च्या आपल्या ग्रंथात लिहिलं, की दात काळे करून भुवया काढलेल्या जपानी बायकांनी कृत्रिम कुरूपतेत जगातल्या समस्त स्त्रियांवर मात केली आहे. त्याच्या स्वतःच्या देशात बायका त्या वेळी कंबर आवळून श्वास कोंडून घेत होत्या, पण ते त्याला सवयीचं होतं.

घरातूनही टीका सुरू झाली. फुकुझावा युकिची या विचारवंताने 1872 मध्ये एक छोटी उपहासकथा लिहिली. एका सुखवस्तू घरात मुलगी जन्मते, तिला भुवयाच उगवत नाहीत. दात येतात तेही काळे. आईबाप खचतात, शेजारी हळहळतात. पण मुलगी लग्नाच्या वयाची होते तसं लक्षात येतं, की गावातल्या लग्न झालेल्या सगळ्या बायका तर अशाच दिसतात! व्यंग कुठलं, हिला उलट आयतंच मिळालंय. गोष्ट खुसखुशीत आहे. तरी मला त्यातली एक बाब खटकते. हसलं जातं ते बाईच्या तोंडाला, तोंड तसं करायला लावणाऱ्या घराला नाही.

दरबारी उमरावांना दात काळे करण्याची बंदी 1870 मध्येच फर्मान काढून झाली होती. पुरुषांचं काम सोपं असतं. हुकूम निघाला, त्यांनी सोडलं. बायकांचं तसं झालं नाही, कारण तिथे प्रश्न अब्रूचा होता. विवाहितेचे दात पांढरे म्हणजे आपल्याकडे मोकळ्या गळ्याने, बिनकुंकवाने फिरण्यासारखं.

1871 च्या शेवटी पाच मुली अमेरिकेला शिकायला निघाल्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, सहा वर्षांची. निघण्यापूर्वी त्यांना राजवाड्यात बोलावलं गेलं. सम्राज्ञी पडद्याआड बसली होती. मुलींना रेशमी कापड आणि मिठाई मिळाली, आणि शिकून परत या, देशाच्या स्त्रियांना उदाहरण व्हा, अशा अर्थाचा कागद मिळाला. पडद्याआडची बाई तेव्हा अवघी बावीस वर्षांची, दात काळे, भुवया रंगवलेल्या. समोर ज्या पोरी बसल्या होत्या त्या परतणार होत्या त्या पांढऱ्या दातांच्याच बायका होऊन.

पुढल्याच वर्षी उचिदा कुइची या छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला. अवजड दरबारी पोशाखात ती हातात पंखा घेऊन उभी आहे. ओठ मिटलेले.

आणि मार्च 1873 मध्ये सम्राज्ञीने दात काळे करणं आणि भुवया काढणं सोडल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात सम्राटाने शेंडी कापली.

कादंबरीकाराला इथेच थांबावंसं वाटतं. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं रूप एका सकाळी उतरवायचं. आरशात पाहायचं, तर भुवया अर्धवट उगवलेल्या, दातांवरचा काळा थर जागोजागी उडालेला, ना धड हे ना धड ते. दरबारातल्या वयस्क बायकांच्या नजरा. त्या बायकांसाठी काळे दात म्हणजे कुलीनपणा होता. तिने आयुष्यभरात तीस हजारांच्या आसपास कविता लिहिल्या. स्वभाव मात्र मोजून बोलणाऱ्या माणसाचा.

परिणाम मात्र दिसला. सरदारांच्या बायका थांबल्या, मग अधिकाऱ्यांच्या, मग शहरातल्या व्यापाऱ्यांच्या. खेड्यांत चाल रेंगाळली. विसाव्या शतकाची पहिली काही दशकं म्हाताऱ्या बायकांचे काळे दात दिसत. जी गोष्ट घरंदाजपणाची होती ती पंचवीस-तीस वर्षांत गावंढळपणाची झाली. एकाच आयुष्यात एखादी बाई आधी पांढऱ्या दातांसाठी सासूचं बोलणं खात असेल आणि पुढे काळ्या दातांसाठी सुनेचं.

इथे मला स्वतःचं एक सांगितलं पाहिजे. नव्वदच्या दशकात मी विदर्भातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. काउंटरवर एक मुलगी होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, हिशेबाला पक्की, लोकांशी गोड बोलणारी. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. त्या भागात कित्येक ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं आणि लहान वयात, दात तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं, की डाग जन्माचे. कितीही घासा, जात नाहीत. शाखेचं नूतनीकरण झालं, काचेचं दार आलं, आणि समोरच्या टेबलावर कोण बसवायचं याची चर्चा निघाली. वरून कोणी काही लेखी कळवलं नव्हतं. मीच तिला आतल्या खात्यात, चेकच्या गठ्ठ्यांत बसवलं. कारण विचारलं असतं तर कामाची गरज असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना पदर तोंडाशी धरायची. पूर्वी धरत नव्हती. तिची बदली होईपर्यंत दीड वर्ष मी ते पाहिलं.

तेव्हा ऑलकॉकला मी फार नावं ठेवू शकत नाही.

हारुकोचं पुढचं आयुष्य तिने स्वस्थ बसून काढलं नाही. राजवाड्यात रेशमाचे किडे पाळणं 1871 मध्ये तिने सुरू केलं होतं. 1873 च्या जूनमध्ये ती तोमिओकाच्या रेशीम गिरणीत गेली, जिथे शेकडो मुली फ्रेंच यंत्रांवर काम करत होत्या. 1875 मध्ये टोकियोत स्त्री-शिक्षिकांची शाळा निघाली, तिला तिने पैसे आणि एक कविता दिली. कवितेचा विषय घासल्याशिवाय रत्नाला तेज नाही, असा. पुढे ते त्या शाळेचं गीतच झालं.

मग कपडे आले. 1886 च्या उन्हाळ्यात ती पाश्चात्त्य झग्यात लोकांसमोर आली. पंतप्रधान इतो हिरोबुमींचा आग्रह होता. दरबाराच्या जर्मन डॉक्टरांनी, एर्विन बेल्झ यांनी, विरोध केला. हे कपडे जपानी बांध्यासाठी नाहीत, कॉर्सेट तर प्रकृतीला घातक, असं त्यांचं म्हणणं. इतोंनी ते राजकारणाचा भाग म्हणून उडवून लावलं. किमोनोतल्या बाईला परकी लोक माणूस न समजता बाहुली समजतात, असा त्यांचा सूर होता. एक युरोपियन माणूस जपानी वेशाची बाजू घेतोय आणि जपानी पंतप्रधान युरोपियन वेशाची, आणि मधे मापं देत उभी असलेली एक लहानखुरी बाई. तिने मात्र 1887 च्या जानेवारीत स्वतःचा युक्तिवाद मांडला. तिच्या मते, प्राचीन जपानी स्त्रीचा वेश वरचा आणि खालचा असा दोन भागांचा होता; पाश्चात्त्य वेश त्याच्याच जवळचा, उलट किमोनोत हालचाल जखडते. मात्र कापड देशातलं वापरा, हे तिने आवर्जून सांगितलं. परक्यांच्या धाकाने आलेली गोष्ट स्वतःच्या परंपरेतून काढून दाखवायची, ही युक्ती आपल्या एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनाही चांगली ठाऊक होती.

तिला मूल झालं नाही. सम्राटाला इतर स्त्रियांपासून पंधरा मुलं झाली. त्यातला योशिहितो तिने रीतसर दत्तक घेतला आणि तोच पुढे सम्राट झाला. ती सगळ्यांची कायदेशीर आई होती. याविषयी मी जास्त लिहीत नाही. दात आणि कपडे बदलले तरी घरात काय बदललं नाही, एवढं यावरून कळतं. ते एकतर्फी तह 1894 पासून सुटू लागले, तेही आधी ब्रिटनशी.

युद्धाच्या दिवसांत, 1895 मध्ये, ती हिरोशिमाच्या इस्पितळांत जखमी सैनिकांना भेटत होती. 1912 मध्ये तिने रेडक्रॉसला एक लाख येन दिले, युद्धासाठी नव्हे, शांततेच्या काळातल्या मदतकार्यासाठी. तो निधी आजही तिच्याच नावाने चालतो. मुद्दल राखायचं आणि उत्पन्न वाटायचं, ही व्यवस्था पाहून माझ्यातला बँकवाला सुखावतो. वाटप दरवर्षी 11 एप्रिलला जाहीर होतं, तिच्या पुण्यतिथीला. ती वारली खरी 9 एप्रिल 1914 ला, नुमाझूच्या समुद्राकाठच्या वाड्यात. सरकारी तारीख दोन दिवसांनंतरची. जन्माची तारीख एक, कागदावरची दुसरी, आणि मरणाचंही तेच.

1889 मधला तिचा एक फोटो शाळाशाळांत पोचला. झगा, गळ्यात रत्नहार, डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट. सोळा वर्षं दात पांढरे असलेली ही बाई. या फोटोतही ओठ मिटलेले आहेत.

काळ्या दातांबद्दल एक गोष्ट राहिली. लोह आणि तुरट द्रव्याचा तो थर दातांना कीड लागण्यापासून वाचवत असे, असं दंतवैद्यक आज मानतं. जपानमध्येच 1970 च्या सुमारास चांदी आणि फ्लोराइडचं एक औषध बाजारात आलं. कीड लागलेल्या जागी नुसतं चोपडायचं, न कोरता कीड थांबते. अमेरिकेने त्याला 2014 मध्ये वाट मोकळी करून दिली. स्वस्त आहे, लहान मुलांना दुखत नाही. अडचण एकच. लावलेली जागा काळी पडते, आणि समोरच्या दातांना ते लावायला आईबाप तयार होत नाहीत. आमच्या डॉक्टरीणबाईंनीच हे सांगितलं, पुतणीच्या दातांवरचा पेरॉक्साइडचा लेप मुरायची वाट बघत त्या बाहेर येऊन उभ्या होत्या तेव्हा.

तासाभराने पुतणी बाहेर आली. दातांतून थंडगार कळा येत होत्या म्हणून ओठ घट्ट मिटून होती. बिल मी दिलं. घरी आल्यावर सगळ्यांसाठी चहा टाकला गेला. तिला दोन दिवस चहा, हळद, आमटी, सगळं रंगीत वर्ज्य होतं. ती दूधभाताची वाटी घेऊन खिडकीशी बसली.